तीन लाख किलोमीटर

टॉवेलांच्या गठ्ठ्यांचा वास अजून गेलेला नाही.
मागे गादी टाकली,
रिजेक्ट मालातली चादर फाडून खिडक्यांना पडदे केले,
छोटी शेगडी पट्ट्याने बांधली,
शेंगाचटणीची बरणी, कडक भाकरीची चवड,
आणि राजमल्लू म्हणाला, चल.

एकतीस वर्षं त्याने ही मेटॅडोर
अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून स्टेशनच्या गोदामात नेली
आणि गोदामातून कारखान्यात आणली.
तीन लाखांवर काटा बंद पडला.
तीन लाख किलोमीटर,
सगळे सात किलोमीटरच्या आत.

कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा मालकाने
उरलेल्या पैशांच्या बदल्यात गाडीच गळ्यात मारली.
मी रडले.
तो बॉनेट उघडून बसला.

पहिली रात्र हिपरग्याला.
तलाव इतका मागे सरकलेला
की चालत गेलो, चालत गेलो,
पाणी घोट्याच्या वर येईना.
मोटरसायलवरचा एक जण थांबला, टॉर्च मारला :
लग्नाची गाडी आहे का?
पोहायला आलोय, मी म्हणाले.
त्याने टॉर्च माझ्या केसांवर धरला,
मग काही न बोलता विझवला.

दुसऱ्या दिवशी कुंभारीच्या पुढची जुनी खाण.
दगड काढून काढून शहर बांधून झालं,
मागे हा चौकोनी खड्डा राहिला, हिरव्या पाण्याचा.
वरून पोरं धाडधाड उड्या मारत होती :
काय बे, आजी पण उतरणार काय?
राजमल्लूने तेलाचा रिकामा डबा
दोरीने माझ्या पाठीला बांधला.
भयपडाकु, म्हणाला,
लग्नाच्या रात्रीही हेच म्हणाला होता.
ज्या बोटांनी रोज हजार विड्या वळल्या
त्यांना पाण्याचं काय वळावं कळेना.
मी खूप पाणी प्याले.
डब्याने मात्र मला सोडलं नाही,
आणि एकदाच, दहा मोजेपर्यंत असेल,
माझे पाय कशालाच टेकलेले नव्हते.

त्याची खरी जागा पुढे होती, बोरी नदीच्या घळीत.
लहानपणी बापाबरोबर लुगड्यांचं गाठोडं घेऊन
आठवडी बाजाराला पायी जाताना
तिथे तो उडी मारायचा.
रस्ताभर सांगत होता :
तळ लागत नाही, खाट विणायची सगळी सुंभ सोडली तरी लागत नाही.

तळ लागला.
भेगाळलेला काळा कातळ,
एका चपलेचा अंगठा, बगळ्याचं पीस,
कडेला वाळूच्या ट्रॅक्टरची चाकोरी.
शेळ्यांमागे आलेली पोरगी म्हणाली,
पाणी? ते वर अडवलंय.

तो उडीच्या दगडावर जाऊन उभा राहिला.
शर्ट काढला, घडी घातली.
मला तेव्हा काय काय वाटलं ते मी लिहीत नाही.
मग तो वळला, आणि बसत, सरकत,
कातळाला धरून खाली उतरला
आणि डोहाच्या मधोमध उताणा झोपला.

मीही गेले.
भिंतीवर, दोन पुरुष उंच,
पाण्याची जुनी पांढरी रेघ होती.
आम्ही तिच्या बरंच खाली होतो.
मी हात हलवले, खाणीत शिकवले तसे.
कातळ तापलेला होता, पाठीला बरं वाटत होतं.
श्वास रोखू नको, तो म्हणाला,
इथे चालतो.

पोरगी वरून बघत होती.
काय हरवलं तुमचं? तिने विचारलं.
तिची एक शेळी उतरून
राजमल्लूची चप्पल चाटायला लागली.

गाडीत बावीस टॉवेल होते.
खाणीतला एक आरशावर वाळून पापडासारखा कडक झालेला.
तोच घेऊन मी त्याची पाठ पुसली,
खडे निघाले, थोडी माती.
चौथ्या सेल्फला गाडी लागली.
पोरीने विचारलं, आता कुठं?
राजमल्लूने काट्याकडे बोट केलं,
जणू तो सांगणार होता.